गणिताच्या बाईंना विचारा : यंदा कंस

बीजगणितात कुठे अडता ते कळवा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेली पत्रं चाळली तर निम्म्याहून जास्त मंडळी एकाच दारात अडकलेली निघाली, ती म्हणजे कंस. म्हणून हा सगळा अंक कंसाला. पत्रं थोडी कापून घेतली आहेत, आणि अज्ञात संख्येला सगळीकडे क्ष म्हटलं आहे.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. ३(क्ष + ४) चा विस्तार तो ३क्ष + ४ असा लिहितो. 'दोघांनाही गुण' असं सांगितलं की त्या दिवशी बरोबर, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खरं सांगायचं तर दोघांना का गुणायचं, हे मलाही त्याला पटवून देता येत नाही. (एक आई, कराड)

ताई, 'दोघांना गुण' हे आणखी एकदा सांगू नका. त्याला ते माहीत आहे. डावीकडून वाचत येणाऱ्या डोळ्याला ३ नंतर क्ष भेटतो, त्यांचं ३क्ष होतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. मागे उरलेला ४ आहे तसा खाली उतरतो. कंस नसता, नुसतं ३ × क्ष + ४ असतं, तर त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. म्हणजे गुणाकार त्याला येतो, कंस तेवढा दिसत नाही.

त्याला क्षच्या जागी १० घालायला सांगा. कंसात १४, त्याची तिप्पट ४२. आता त्याच्या उत्तरात १० घाला : ३० अधिक ४, म्हणजे ३४. 'मधले आठ कुठे गेले रे?' एवढंच विचारा आणि चहा ठेवायला उठा. उत्तर तुम्ही दिलंत तर उद्या पुन्हा तेच होणार. आठ म्हणजे दोन चोक, हे त्याचं त्यालाच सापडू द्या. तीन चोक हवे होते, त्याने एकच घेतला.

नाहीच सापडलं तर वहीत एकाखाली एक असं लिहायला लावा :

क्ष + ४
क्ष + ४
क्ष + ४

आणि दुसरीत करायचा तशी उभी बेरीज करू द्या. डावीकडे तीन क्ष, उजवीकडे तीन चोक बारा. ३(क्ष + ४) याचा अर्थ एवढाच आहे, की कंसातलं सगळं गाठोडं तीनदा घ्यायचं. गाठोडं तीनदा घेतलं आणि आतली एक वस्तू एकदाच आली, असं कसं होईल? हे तीनवरच दाखवा. १७(क्ष + ४) घेऊन बसलात तर तो कंटाळेल आणि त्याचं बरोबरच असेल.

दुसरं म्हणजे त्याला ७ × ४८ तोंडी विचारा आणि कसं केलं ते सांगायला लावा. बहुतेक मुलं 'सात पन्नास साडेतीनशे, त्यातून चौदा गेले, तीनशे छत्तीस' असं करतात. चौदा का, दोन का नाहीत? कारण प्रत्येक पन्नासात दोन जास्त धरले होते आणि पन्नास सात वेळा घेतले होते. हेच ७(५० − २). किराणा आणायला जाणारं प्रत्येक पोर कंस सोडवतं. फक्त वहीत क्ष दिसला की दुकानात जाणारा मुलगा वेगळा आणि वहीतला वेगळा होतो.

एक इशारा. काही क्लासमध्ये कंसाबाहेरच्या आकड्यापासून आतल्या प्रत्येकाकडे बाण काढायला शिकवतात. बाणांना माझी हरकत नाही, पण बाणांची सवय लागलेली मुलं ३(क्ष × ४) मध्येही दोन बाण काढतात आणि ३क्ष × १२ लिहून मोकळी होतात. क्ष १० असेल तर खरं उत्तर १२० आणि त्यांचं ३६०. वितरण, म्हणजे बाहेरचा आकडा आतल्या प्रत्येकाला वाटणं, होतं ते बेरजेवर आणि वजाबाकीवर. कंसात गुणाकार असेल तर तीनने एकदाच गुणायचं. बाण काढण्याआधी कंसात कोणतं चिन्ह आहे ते बघ, एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : मी एसटीत वाहक होतो, आता घरी नातीचा अभ्यास घेतो. १० − २(क्ष − ३) हे उदाहरण तिने आधी ८(क्ष − ३) असं केलं. चूक म्हटल्यावर १० − २क्ष − ६ केलं. तेही चूक निघालं. 'कंसाआधी वजा असला की आतली चिन्हं बदलतात' असं शाळेत सांगितलंय म्हणे. पण का बदलतात? आमच्या हिशेबात असं काही कधी बदललं नाही. (निवृत्त वाहक, विटा)

कंडक्टरसाहेब, तुमच्या हिशेबात ते रोज बदलत होतं, तुम्ही त्याला नाव दिलं नव्हतं इतकंच.

आधी ८ चं बघू. नातीने १० मधून २ वजा केले, कारण ते शेजारी शेजारी उभे आहेत. पण तो २ कंसाचा आहे, त्याला गुणायला चिकटलेला. गुणाकार आधी, वजाबाकी मग. तोपर्यंत १० ला कुणी हात लावायचा नाही.

आता चिन्ह. समजा तिकीट ४० रुपयांचं, त्यावर ५ रुपये सवलत. प्रवाशाने शंभराची नोट दिली. परत किती? १०० − (४० − ५), म्हणजे ६५. आता एखादा नवखा वाहक कंस काढताना १०० − ४० − ५ असं करतो आणि ५५ हातावर ठेवतो. पुढे काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको. शंभरातून ४० कापले तेव्हा पाच रुपये जास्त कापले गेले, ते परत द्यायला हवेत. म्हणून १०० − ४० + ५. आतला वजा पाच बाहेर येताना अधिक पाच झाला तो याच कारणाने.

तसे दोन प्रवासी असतील तर १०० − २(४० − ५), म्हणजे १०० − ८० + १०, परत ३०. नातीचं उदाहरण हुबेहूब हेच आहे. १० − २क्ष + ६, म्हणून १६ − २क्ष. क्ष ५ घालून पाहा. मूळच्या उदाहरणात १० − २ × २, म्हणजे ६. आपल्या उत्तरात १६ − १०, म्हणजे ६. तिचं पहिलं उत्तर १६ येतं आणि दुसरं उणे ६. दोन्ही किती दूर गेले बघा.

'चिन्हं बदलतात' हे वाक्य मला आवडत नाही. खोटं नाही ते, पण अर्धं आहे, आणि अर्धं वाक्य पाठ केलेलं मूल ७ − (क्ष − २) + ५ मध्ये त्या भरात कंसाबाहेरच्या ५ चंही चिन्ह बदलून टाकतं. त्यापेक्षा कंसाआधी नुसता वजा असला की तिथे न लिहिलेला १ आहे, तो लिहायला लावा : ७ − १(क्ष − २) + ५. म्हणजे गुणायचं कशाने आणि कुठपर्यंत, दोन्ही समोर दिसतं. पहिले काही दिवस हा १ लिहू द्या. पुढे ती आपणहून सोडेल.

आणि वजा गुणिले वजा अधिक का, असं तिने विचारलं (विचारायलाच हवं), तर हे करून दाखवा. (−२)(३ − ३). कंसात शून्य, म्हणून उत्तर शून्य, यात वाद नाही. आता कंस सोडवा. उणे दोन गुणिले तीन, उणे सहा. त्याच्या पुढे उणे दोन गुणिले उणे तीन. दोन्ही मिळून शून्य यायचं असेल तर हा दुसरा भाग अधिक सहाच असला पाहिजे, दुसरं काही चालणार नाही. म्हणजे हा नियम कुणी वरून लादलेला नाही. कंस नेहमीसारखा सुटायचा असेल तर चिन्हांना असंच वागावं लागतं. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण यांच्या गुणाकाराचे नियम लिहिले, तेही हेच आहेत : ऋण आणि धन यांचा गुणाकार ऋण, ऋण आणि ऋण यांचा धन.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ८ ÷ २(२ + २) वरून दोन तट पडले आहेत. १६ की १? निकाल द्या. (ठाणे)

हे उदाहरण २०१९ मध्ये जगभर फिरलं होतं, तुमच्याकडे उशिरा पोचलं. डावीकडून क्रमाने गेलात तर आठ भागिले दोन चार, आणि चार चोक सोळा. ज्यांनी 'कंचेभागुबेव' (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) घोकलंय, ते कंसाला चिकटलेल्या २ ला 'चे' मानतात आणि ८ ÷ ८ करून १ वर येतात. आजच्या शाळेतल्या नियमाने सोळा. पण मला विचाराल तर ज्याने ते लिहिलं त्यालाच परत पाठवा. (८ ÷ २)(२ + २) किंवा ८ ÷ [२(२ + २)] असं लिहिलं असतं तर एक चौकटी कंस खर्च झाला असता आणि तुमचे शेजारी बोलते राहिले असते. बीजगणितात सहसा भागाकाराची आडवी रेघच वापरतात, कारण ती रेघ स्वतःच कंसाचं काम करते. वरचं सगळं एक, खालचं सगळं एक. (६क्ष + ४) या सगळ्याखाली रेघ मारून २ लिहिला तर उत्तर ३क्ष + २. निम्मी मुलं ३क्ष + ४ लिहितात, पण तो कराडच्या पत्राचाच भाऊ झाला.

प्रश्न : मी नववीत आहे. (अ + ब)² = अ² + २अब + ब² हे मला झोपेतही येतं. पण परीक्षेत (क्ष + ५)² आलं की हातून क्ष² + २५ लिहिलं जातं आणि पेपर दिल्यावर आठवतं. ते २अब नेमकं कुठून येतं? आणि सूत्रं पाठ करायचीच का? (विद्यार्थिनी, चाळीसगाव)

अगं, सूत्र झोपेत येतं आणि जागेपणी येत नाही, म्हणजे ते जिभेवर आहे, डोळ्यांसमोर नाही. चौकटीची वही घे. १५ चौकटी लांब, १५ चौकटी रुंद असा चौरस आख. वरच्या बाजूला दहाव्या चौकटीनंतर उभी रेघ मार, डाव्या बाजूला दहाव्या चौकटीनंतर आडवी. चार तुकडे झाले. मोठा चौरस १० × १०, म्हणजे १००. कोपऱ्यातला छोटा ५ × ५, म्हणजे २५. आणि उरल्या दोन पट्ट्या, एक उभी, एक आडवी, प्रत्येकी १० × ५. त्या पट्ट्या म्हणजे तुझं २अब. तू क्ष² + २५ लिहितेस तेव्हा दोन्ही चौरस ठेवतेस आणि दोन्ही पट्ट्या फाडून टाकतेस. १५ चा वर्ग २२५, तुझा १२५. शंभर चौकटी कचऱ्यात गेल्या. एकदा खरंच कात्रीने कापून बघ, मग (क्ष + ५)² दिसलं की पट्ट्या आठवतील.

चित्र नको असेल तर नुसत्या कंसाने कर. (अ + ब)(अ + ब). दुसरा कंस हे एक गाठोडं. ते अ वेळा घे, मग ब वेळा घे : अ(अ + ब) + ब(अ + ब). आता आतले कंस सोडव. अ² + अब + बअ + ब². अब आणि बअ सारखेच, म्हणून दोन. सूत्र तयार झालं आणि त्यासाठी पाठ काहीच करावं लागलं नाही.

तू चाळीसगावची आहेस म्हणून एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. पाटणादेवीला सहलीला गेली असशील, माकडं बघितली असशील, डबा खाल्ला असशील. तिथे पाटणे इथल्या देवळात इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. म्हणजे तुझ्या घरापासून एसटीने जाता येईल अशा ठिकाणी आठशे वर्षांपूर्वी मुलं बसून हेच शिकत असणार, असं म्हणायला हरकत नाही. कारण ११५० च्या लीलावतीत वर्ग काढायच्या ज्या रीती दिल्या आहेत, त्यांतली एक अशी : संख्येचे दोन खंड करा, खंडांच्या गुणाकाराची दुप्पट करा, त्यात दोन्ही खंडांचे वर्ग मिळवा. तुझं सूत्र, अक्षरं न वापरता.

त्या रीतींखाली आचार्यांनी सरावाला चार संख्या दिल्या आहेत : ९, १४, २९७ आणि १०००५. यातली २९७ ही संख्या ते 'तीन कमी तीनशे' अशी सांगतात. म्हणजे उदाहरणातच सुचवणी आहे. कर बघू. ३०० चा वर्ग ९००००. त्यातून ३०० × ३ अशा दोन पट्ट्या काढायच्या, म्हणजे १८०० गेले, ८८२०० उरले. पण थांब. उभी पट्टी कापताना कोपऱ्यातला ३ × ३ चा तुकडा गेला आणि आडवी कापताना तोच पुन्हा गेला. एकच तुकडा दोनदा कापता येत नाही, म्हणून ९ परत मिळव. ८८२०९. (अ − ब)² मध्ये शेवटी + ब² का येतं असं मुलं विचारतात, त्याचं उत्तर त्या कोपऱ्यात आहे. वरचं विट्याच्या कंडक्टरसाहेबांचं पत्र वाच, जास्त कापलेले पाच रुपयेही असेच परत आले.

लीलावतीत आणखी एक रीत आहे, मला ती जास्त आवडते. संख्येतून काहीतरी इष्ट वजा करा, तितकंच मिळवा, दोघांचा गुणाकार करा आणि त्या इष्टाचा वर्ग जोडा. २९७ साठी इष्ट ३ घे. ३०० × २९४, म्हणजे ८८२००, अधिक ९. तोंडी झालं. हे का जमतं? (अ + ब)(अ − ब) चा कंस सोडव, अ² − ब² येईल, त्यात ब² मिळवलं की अ² उरतो. १०००५ चा वर्ग तुझा तू कर, उत्तर १००१०००२५ यायला हवं.

जाता जाता, ३५ चा वर्ग काढायला तीन गुणिले चार बारा आणि पुढे पंचवीस, १२२५, ही 'जादू' कुणी तुला फी घेऊन शिकवायला आला तर (१०न + ५)² चा विस्तार करून त्याच्या हातात दे. १००न² + १००न + २५, म्हणजे १००न(न + १) + २५. जादू संपली.

पाठ करायचीच का, याचं उत्तर हो. पण सूत्र दोन-चारदा स्वतः तयार केल्यावर. कंस सोडवायला सूत्राची गरज नसते, तो पायरीपायरीने सुटतोच. गरज पडते ती उलट जाताना. क्ष² + १०क्ष + २५ समोर आलं आणि अवयव पाडायचे असले, तर हा (क्ष + ५)² आहे हे ओळखावं लागतं, आणि न भेटलेला माणूस गर्दीत ओळखता येत नाही.

आणि उत्तर तपासताना क्षच्या जागी ० घालू नकोस. ० घातलास तर तुझं चुकीचं क्ष² + २५ सुद्धा बरोबर ठरतं, कारण पट्ट्यांची रुंदीच शून्य होते. २ सुद्धा टाळ. २ ची दुप्पट आणि २ चा वर्ग दोन्ही ४, त्यामुळे क्ष² आणि २क्ष यांची गल्लत केलीस तर ती पकडली जात नाही. ३ घे, १० घे.

प्रश्न : मी मराठी शाळेत आठवीला शिकवतो. इंग्रजी माध्यमातली मुलं दोन कंसांच्या गुणाकाराला 'फॉइल' वापरतात. आपल्याकडे तसं काही आहे का? (शिक्षक, निपाणी)

सर, फॉइल म्हणजे पहिला-पहिल्याशी, बाहेरचे, आतले, शेवटचा-शेवटच्याशी. दोन पदी गुणिले दोन पदी असेपर्यंत ठीक. (क्ष + २)(क्ष² + ३क्ष + १) आलं की तिसऱ्या पदाचं काय करायचं ते फॉइलला माहीत नाही आणि मुलं तिथेच लटकतात. त्याचं मराठी करायच्या भानगडीत पडू नका.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात याची रीत आहे : गुणकाचे जितके खंड, तितक्या वेळा गुण्य वेगवेगळं मांडा, एकेका खंडाने गुणा आणि बेरीज करा. पदं कितीही असोत, चालते. त्यांचं उदाहरणही फळ्यावर घ्या. त्या काळी अज्ञाताला यावत्तावत् म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. नुसत्या संख्येपुढे 'रू', म्हणजे रूप. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. कंसाचं चिन्ह नव्हतंच. उदाहरण आजच्या लिपीत असं : (५क्ष − १) ला (३क्ष + २) ने गुणा.

गुण्य दोनदा मांडा. ३क्ष(५क्ष − १) आणि २(५क्ष − १). पहिल्यातून १५क्ष² − ३क्ष, दुसऱ्यातून १०क्ष − २. बेरीज १५क्ष² + ७क्ष − २. तपासायला क्ष ३ घ्या : १४ × ११, म्हणजे १५४. आणि १३५ + २१ − २, तेही १५४. मुलांना ओळींऐवजी चौकटीचा तक्ता आवडत असेल तर तो द्या. वर ५क्ष आणि −१, डावीकडे ३क्ष आणि २, चार घरं. तीन पदं आली की एक रकाना वाढवायचा. फक्त घरं भरून झाल्यावर बेरीज करायची असते हे विसरणारे तुमच्या वर्गातही चार-पाच निघतील.

प्रश्न : मी पतसंस्थेत हिशेब बघतो. एक्सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन -३^२ लिहिलं की ९ येतं. मुलगी म्हणते शाळेच्या नियमाने उणे ९. कोण खरं? (रत्नागिरी)

मुलगी खरी, आणि एक्सेल आपल्या नियमाने चालतं. वहीत −३² म्हणजे तीनचा वर्ग, मग त्याला वजा. उणे नऊ. एक्सेल मात्र संख्येआधीचा एकटा वजा आधी चिकटवतं आणि मग वर्ग करतं, म्हणून नऊ. गंमत म्हणजे ०-३^२ लिहिलंत तर तेच एक्सेल उणे नऊ देतं, कारण आता तो वजा दोन संख्यांच्या मधला झाला. हवं ते मिळवायचं असेल तर -(३^२) लिहा. पायथॉनसारख्या संगणकाच्या भाषेत -३**२ लिहिलं तर कंस नसतानाही उणे नऊच येतं, त्यामुळे एकाची सवय दुसरीकडे नेऊ नका.

तुमच्या कामात मला जास्त भीती दुसऱ्याच कंसाची वाटते. १००० रुपयांवर १८ टक्के जीएसटी मिळवायला १०००*(१+१८%) लिहिलं तर ११८०. कंस राहिला आणि १०००*१+१८% झालं तर १०००.१८. गंमत अशी की एक्सेल चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. शिवाय रकान्याला दोनच दशांश दाखवायची सवय असते, म्हणून आकडा बिलासारखाच दिसतो. अठरा पैसे कर बघून कुणाच्या तरी भुवया उंचावतील, पण रक्कम मोठी असेल आणि सूत्र खालपर्यंत ओढलेलं असेल तर डोळ्यांना ते सापडत नाही. तुमच्या फाइलीत टक्के मिळवायचं सूत्र जिथे जिथे आहे तिथे रक्कम १०० घालून बघा. ११८ आले तर ठीक. १००.१८ आले तर ती ओळ कुणी, कधी आणि कुठून चिकटवली ते शोधून घ्या, ऑडिटवाले यायच्या आधी.